न मारलेली सोंगटी

“खेळून बघितल्याशिवाय पट कोणाच्या हातात देऊ नकोस,” असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लाकडी फळीला शेवटचं पॉलिश मारत होते. “आई, तो खेळायला नाहीये, दिसायला आहे,” मी म्हणाले. त्या वाकल्या, माझ्या चिमीच्या गालात बोट घालून तिथली कवडी बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. माझ्या हातातला ब्रश तिथेच पडला. चौदा महिन्यांच्या पोरीच्या घशात बरोबर बसेल एवढीच असते कवडी. मी चारही कवड्या धुतल्या, मोजल्या, डब्यात घातल्या, डबा कपाटावर ठेवला आणि या सगळ्या गडबडीत पटाबद्दलचं वाक्य विसरून गेले.

मी तेलुगू चित्रपटांच्या कला विभागात काम करते. पडद्यावर माणसं सोडून जे जे दिसतं, ते आमचं. खुर्च्या, घड्याळं, भिंतीचा उडालेला रंग, नायिकेच्या टेबलावरची अर्धी झिजलेली पेन्सिल. आमच्या कंपनीचे चित्रपट बहुतेक प्रेमाचे आणि हसवणारे असतात. म्हणजे भाडेकरू आणि घरमालकाची नात, दोन भांडखोर शेजारी, एकाच नोकरीच्या मुलाखतीला आलेले दोघे. सहा वर्षांत माझं तेलुगू चांगलं झालं आणि चिमीच्या वेळी दीड वर्ष घरी बसून ते गंजलं.

परत कामावर यायचं म्हटल्यावर बॉसनी मला समोर बसवून सांगितलं, “ये. पण आधी एकच प्रसंग देतो. सगळा तुझा. जमला तर पुढच्या चित्रपटाला तू आहेस. नाही जमला तर वाईट वाटून घ्यायचं नाही.”

ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणणाऱ्याची वाटते.

प्रसंग होता पटाचा. पाच गुणिले पाच घरांचा, चार कवड्यांचा जुना खेळ. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि घरमालकाची नात यांचं एकमेकांवर प्रेम आहे, हे सगळ्या गल्लीला कळलंय, पण आधी बोलायचं कोणी? म्हणून तिचे आजोबा पट मांडतात आणि अट घालतात, हरेल त्याने आधी बोलायचं. लेखकाने लिहिलं होतं की ती जिंकते, पण अख्ख्या डावात त्याची एकही सोंगटी मारत नाही. त्यावरून त्याला काय ते कळतं. कागदावर वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दूध पाजत वाचलं की मला कशानेही येतं, पण तरी.

पट, सोंगट्या आणि कवड्या मी केल्या. कलाकारांसाठी चालींचा तक्ताही मीच केला. कितवं दान, कोणाचं, किती पडलं, कोणती सोंगटी कुठून कुठे, असा अकरा दानांचा कागद. खेळ मी मोबाईलवर शिकले. चिमी झोपली की तिच्या शेजारी आवाज बंद करून खेळायचे. तिथे सुरुवातीला काही अटी चालू-बंद करायची सोय होती. त्यातली एक अट मी पहिल्याच दिवशी बंद केली, कारण तिच्यामुळे डाव लांबायचा आणि डाव संपायच्या आत चिमी उठायची.

सासूबाईंना मी रोज सोबत नेत होते. मूल सेटवर आणायचं तर त्याला सांभाळणारं माणूसही आणायचं, हे बॉसनीच सांगितलं होतं. सासूबाई एका पायावर तयार झाल्या. सून काय काम करते ते बघायचं म्हणून चार वर्षं त्या दुपारी टीव्हीवर तेलुगू चित्रपट लावून बसत होत्या. आधी पडदे आणि सोफे बघायच्या, मग हळूहळू गोष्टीत गुंतल्या. खालच्या अक्षरांकडे कधी बघितलं नाही त्यांनी. “वाचत बसलं की तोंडं बघायची राहतात,” म्हणायच्या. त्यामुळे त्यांना तेलुगू येतं, पण फक्त प्रेमाचं. मागणी घालता येते, रुसता येतं, मुलीच्या बापाला दम भरता येतो. मीठ मागता येत नाही. सेटवर चहा देणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी त्या आणखी एका कपासाठी म्हणाल्या, “तू नसशील तर मी जगायचं कसं?” त्या बाई दोन मिनिटं हसल्या आणि त्या दिवसापासून सासूबाईंना न मागता दोन कप मिळायला लागले. मला सहा वर्षांत एकच मिळतो.

तर तालमीचा दिवस. भाड्याने घेतलेल्या घराची मागची खोली, एका बाजूला मोठी खिडकी. खिडकीतला उजेड पाचपर्यंत टिकायचा आणि घर आम्हाला त्या एकाच दिवसापुरतं मिळालं होतं. पटाभोवती तिघं. नायिका, नायक आणि आजोबांचं काम करणारे म्हातारे नट. त्यांना सगळे ताता म्हणत, तेलुगूत आजोबांना तसंच म्हणतात. मी तक्ता धरून कॅमेऱ्याच्या मागे. सासूबाई दाराशी, कडेवर चिमी.

आठव्या दानाला नायिकेने सोंगटी उचलली आणि बाहेरच्या घरांमधून आतल्या घरांत नेली.

“अगं बाई!” दारातून आवाज आला.

ध्वनीवाल्याने कानांवरचं काढून तिकडे बघितलं. मी तोंडावर बोट ठेवत दाराशी पळाले. “आई, श्श! तालीम चाललीये.”

“चालू दे की. पण ती आत कशी गेली?”

“दान पडलं म्हणून गेली.”

“दान पडून काय होतंय? एक तरी सोंगटी मारली का तिने? मारल्याशिवाय आत कोण घेतं?”

“मोबाईलवर घेतात,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला बंद केलेली ती अट आठवली.

“मोबाईलच्या बापाचं काय जातंय,” सासूबाई म्हणाल्या. “सगळ्या घरांत हाच नियम. समोरच्याची एक तरी मारायची, मग आत. तोवर बाहेर फिरत बसायचं.”

मी वळून बघितलं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. बहुतेक सगळे तिशीच्या आतले, कोणी हा खेळ खेळलेलं नव्हतं. फक्त ताता मान खाली घालून कपात बघत होते, आणि कप रिकामा होता.

खरं सांगते, मी दहा-पंधरा सेकंद गप्प राहायचं ठरवलं होतं. दीड वर्षाने हातात आलेलं काम. कोण बघणार आहे इतकं बारकाईने? मग वाटलं, हे चित्रपट बघायला जाणारे लोक कोण? माझ्या सासूबाईच ना! ज्यांच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून हा प्रसंग लिहिलाय, नेमके तेच लोक तिथे “अगं बाई” म्हणणार. आणि प्रसंग सगळा याच्यावरच उभा होता की ती मारत नाही.

दिग्दर्शिकेजवळ गेले. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, डोक्यावर कायम टोपी. तिला सगळं सांगितलं. बॉसही येऊन उभे राहिले.

“तक्ता कोणी केला?” त्यांनी विचारलं.

“मी.”

“तपासला कोणी?”

“कोणीच नाही. खेळूनही बघितला नाही मी.”

दिग्दर्शिकेने टोपी काढली. “म्हणजे मारल्याशिवाय ती जिंकूच शकत नाही?”

“नाही.”

“आणि मारलं तर माझा प्रसंगच मेला.”

ताता हळूच म्हणाले, “आमच्याकडेही हाच नियम होता. मला वाटलं, हल्ली बदलला असेल.”

बॉस पेनाचं टोपण उघडत-मिटत होते. टक, टक. ‘वाईट वाटून घ्यायचं नाही’ हे वाक्य आता येणार म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत होते, तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. मला काही कळायच्या आत चिमी माझ्या कडेवर होती. माझ्या नोकरीचा निकाल लागत होता आणि मी पोरीच्या नाकाला रुमाल लावत होते.

सासूबाईंनी दिग्दर्शिकेच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि त्यांच्याकडे होतं तेवढं तेलुगू वापरलं. “वेडे, माझ्या मनातलं तुला अजून कळत नाही का?”

नायक असा हसत सुटला की मागे भिंतीला टेकला. दिग्दर्शिकाही हसली. सासूबाई मात्र ढिम्म. मला म्हणाल्या, “मला पुढचं येत नाही. मी मराठीत सांगते, तू हिला तेलुगू करून सांग. आणि गाळू नकोस काही.”

“आई, आत्ता नको ना.”

“आत्ता नको तर काय चित्र लागल्यावर?” त्या खाली बसल्या, पट स्वतःकडे ओढला. “हिला विचार, पोरीला त्याची सोंगटी मारायची नाहीये ना? मग नाही मारायची. जबरदस्ती नाही कोणाची. तिची सोंगटी आतल्या दारापाशी येते, आत जाता येत नाही, म्हणून दार ओलांडून पुढे. पुन्हा पहिल्यापासून फेरी. मारायची संधी आली की दुसरीच सोंगटी हलवायची. पुन्हा दार, पुन्हा फेरी. जिंकायचं तर आहे, पण मारवत नाही. आमचे हे असेच फिरले होते एकदा, चार फेऱ्या. शेवटी मी म्हटलं, अहो मारा ना, माझा स्वयंपाक राहिलाय.”

मी शब्दन् शब्द तेलुगूत सांगितला. स्वयंपाकासकट.

“आणि मग?” दिग्दर्शिका आता जमिनीवर बसली होती.

“मग याला कळलं पाहिजे. हा काय दगड आहे?” सासूबाईंनी नायकाकडे बोट केलं. “याला दुसरी चाल असते, सुरक्षित घरही असतं. पण याने आपली सोंगटी उचलायची आणि तिच्या पुढ्यात नेऊन ठेवायची. घे, मार. म्हणजे हरायचं कोणी ठरवलं? आधी बोलायचं कोणी ठरवलं?”

दिग्दर्शिकेने लेखकाचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला लागली. लिहिता लिहिता थांबली. “पण दानं? ती हवी तशी कशी पडणार?”

“पडेपर्यंत खेळा. मी आहे की इथे.”

“पाचला उजेड जातो, आई,” बॉस म्हणाले. तेही आता त्यांना आई म्हणायला लागले होते, हे माझ्या लगेच लक्षात आलं.

“साडेबारा झालेत. एवढ्या वेळात मी एका पाटीवर तीन पोरांना खेळ आणि पाढे दोन्ही शिकवलेत.”

त्यानंतरचे तीन तास मी जन्मभर विसरणार नाही. सासूबाई नायिकेशी एकामागून एक तीन डाव खेळल्या आणि तिन्ही जिंकल्या. मोठी नटी आहे, रुसेल, म्हणून मी धास्तावले होते. ती खरोखरच चिडली, आणि मग तिने लावलेली लांब नखं स्वतःच्या हाताने काढून टाकली, कारण कवड्या त्यांत अडकत होत्या. मेकअपवाल्या ताई डोक्याला हात लावून बसल्या. “मनगट सैल सोड गं,” सासूबाई तिला मराठीत सांगायच्या आणि ती बरोबर सैल सोडायची. नायकाला म्हणाल्या, “तुझं लक्ष पटावर नाही, हिच्याकडे आहे. तसंच राहू दे.” हे भाषांतर करताना माझेच कान गरम झाले.

तेव्हाच पटाची दुसरी चूक बाहेर आली. मी तो इतका चकचकीत केला होता की सोंगट्या घरात ठरत नव्हत्या. जरा धक्का लागला की या घरातली त्या घरात. चिमीला दुपट्याने पाठीशी बांधली आणि कोपऱ्यात बसून पॉलिश पेपरने खरडून काढलं. चार दिवसांची मेहनत पाऊण तासात. बॉस शेजारी येऊन उभे राहिले, दुसरा पॉलिश पेपर घेतला आणि समोरून घासायला लागले.

पावणेचारला चित्रण सुरू झालं. दोन कॅमेरे, मध्ये थांबायचं नाही, तक्ता नाही, खराखुरा डाव. चिमी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि मी मनात म्हणत होते, शिंकू नकोस, खोकू नकोस, राणी.

पहिला डाव फुकट गेला, नायकाच्याच सोंगट्या सगळ्या पुढे. दुसऱ्यात नायिकेला तीन हवे होते मारायला, आणि तीन पडले. तिने त्याच्या सोंगटीकडे बघितलं, ओठ चावला आणि दुसरीच सोंगटी तीन घरं सरकवली. तातांना ठाऊक होतं ती मारणार नाही, संवादही ठरलेला होता. पण ते संवाद विसरले. “अगं मार ना पोरी! समोर आहे तुझ्या!” असे ओरडले की त्यांचा चष्मा कपाळावर गेला. दिग्दर्शिका हलली नाही. कॅमेरे चालू.

नायिकेची सोंगटी दारापाशी आली, आणि गेली पुढे. दुसरी फेरी. हे बघताना मला एवढं का भरून आलं सांगता येत नाही. एक लाकडाचा तुकडा, मी स्वतः कापलेला, स्वतः रंगवलेला. तो आपल्याच दारावरून मुकाट्याने पुढे चालला होता.

मग नायकाला दोन पडले. त्याची एक सोंगटी सुरक्षित घराच्या दोन घरं अलीकडे होती. लहान मूलही तीच हलवेल. त्याने ती उचलली नाही. मागची उचलली, एक, दोन, आणि तिच्या सोंगटीच्या बरोबर एक घर पुढे ठेवली. बोटं तिथेच राहू दिली क्षणभर.

आता तिला एक पडायला हवा. चार कवड्यांतली एकच उताणी. तिने टाकल्या, चारही पालथ्या, म्हणजे आठ. खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. तिने दुसरी सोंगटी आठ घरं नेली. आठाला आणखी एक दान मिळतं. पुन्हा टाकल्या. एक घरंगळत पटाच्या कडेला गेली, तिथे डुगडुगली.

एक.

तिने पटाकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत, चाचपडत सोंगटी उचलली आणि त्याच्या सोंगटीला आडवं पाडलं. त्याला पान-दीड पानाचं भाषण लिहून दिलेलं होतं. त्याने त्यातलं पहिलं वाक्यही म्हटलं नाही. “हरलो,” म्हणाला. मग थांबून, “आता मी बोलायचं ना?”

दिग्दर्शिकेने ‘कट’ म्हणायला इतका वेळ लावला की शेवटी तातांनीच विचारलं, “झालं का गं?” तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

टाळ्या पडल्या. चिमी दचकून उठली आणि भोकाड पसरलं. मी तिला थोपटत बाहेर जिन्याकडे गेले, म्हणून नीट दिसलं नाही, पण आवाज ऐकले. नायिका मराठीत म्हणत होती, “मनगट सैल!” आणि सगळे हसत होते. जिन्यात बॉस आले. माझा तक्ता त्यांच्या हातात होता. त्यांनी त्याच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

“तू गप्प बसली असतीस तर मला कळलं नसतं,” ते म्हणाले. “पडद्यावर बघून माझ्या आईला कळलं असतं. हा चित्रपट लागेल त्याच सुमाराला पुढच्याचे बाहेरगावी बावीस दिवस आहेत. अख्खं घर उभं करायचंय. करशील?”

मी हो म्हणाले. नंतर आत डोकावले, तर ताता पट मांडून सासूबाईंसमोर बसले होते आणि विचारत होते, एक डाव माझ्याशी? सासूबाईंनी मान वळवली, डोळे खाली केले आणि अस्सल तेलुगूत उत्तर दिलं, “आधी माझ्या वडिलांना विचारा.”

निर्मितीवाल्यांनी त्यांचं नाव लिहून घेतलं. चित्रपटाच्या अगदी शेवटी, गाडीचालक आणि जेवण पुरवणारे यांच्याही नंतर, ‘पटाचा खेळ शिकवणाऱ्या’ म्हणून त्यांचं नाव येतं. चार सेकंद राहतं. मी मोजलंय. लग्नाच्या पत्रिकेनंतर त्यांचं नाव कुठे छापलं गेलं, तर ते हे.

आणि म्हणून हे लिहायला घेतलं. मी आता त्या बावीस दिवसांच्या कामावर आहे. माझ्या हाताखाली तीन माणसं आहेत, चिमी आणि तिचे बाबा सोबत आहेत. सासूबाई आल्या नाहीत. “माझं चित्र लागलंय, मी कुठे येऊ?” म्हणाल्या. रोज दुपारी तीनच्या खेळाला एकट्या जातात. बारा वेळा झालाय बघून. मागून तिसरी रांग, कडेची खुर्ची. नावं सुरू झाली की लोक उठून जातात, त्या बसून राहतात, आपले चार सेकंद येईपर्यंत. तोवर थिएटरात दिवे पूर्ण लागलेले नसतात. तिथल्या पायऱ्यांच्या कडांना चमकती पट्टी नाही आणि खालून दुसरी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच आहे. माझ्या कामामुळे माझ्या नजरेला अशा गोष्टी लगेच बोचतात. त्यांचा चष्मा दुहेरी काचेचा आहे. फोनवर विचारलं की म्हणतात, “मी काय म्हातारी आहे?”

तेव्हा तुम्ही कधी तीनच्या खेळाला गेलात, आणि मागून तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी ठेवून बसलेल्या, त्या प्रसंगाला शेजाऱ्याला कोपराने ढोसणाऱ्या एक बाई दिसल्या, तर नावं संपेपर्यंत जरा थांबाल का? हात धरू नका, आवडायचं नाही त्यांना. फक्त दोन पायऱ्या पुढे चाला. खाली पोचल्या का, दुपारचं जेवल्या का, एवढं बघा. तेलुगूत काही भलतंच बोलल्या तर मनावर घेऊ नका, आणि मला कळवा.